नागपूरच्या पावसात फिक्स्ड गिअर: ब्रेक, ग्रुप आणि रपटे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातले पाच मित्र हौसेने ट्रॅक सायकलिंग करतात. दोघांकडे फिक्स्ड गिअरच्या (चाक फिरतं तोवर पेडलही फिरत राहतं अशा) ट्रॅक सायकली आहेत, तिघांकडे रोड बाइक, त्यांतल्या एकीला डिस्क ब्रेक. शहरात वेलोड्रोम (सायकल शर्यतीचा ट्रॅक) नाही, पुण्यात बालेवाडीला वर्षातून एखाद-दोन वेळा जाणं होतं. जून ते सप्टेंबर रविवारची ६०-७० किलोमीटरची राइड आणि ट्रॅकचा सराव दोन्ही चालू ठेवायचं आहे. ट्रॅक सायकल पावसात रस्त्यावर न्यावी का, आणि पाचही जणांनी एकत्र कसं चालवावं?

सरळ उत्तर आधी. ट्रॅक सायकल जशी ट्रॅकवर चालते तशीच पावसात रस्त्यावर आणू नका. पुढचा ब्रेक नसेल तर अजिबातच नाही. ती आधी रस्त्याची करून घ्यावी लागते: ब्रेक, हलका गिअर, रुंद टायर, मडगार्ड. तेवढं केलं की फिक्स्ड गिअर पावसात चांगला चालतो, कारण चिखलाने बिघडेल असं त्यात फार काही नसतं. ग्रुपचं म्हणाल, तर कोरड्या रस्त्यावर कोण पुढे आणि किती वेगात हे पायांच्या ताकदीवर ठरतं. ओल्या रस्त्यावर ते ब्रेकवर ठरलं पाहिजे. खालचं जवळजवळ सगळं या एका गोष्टीतूनच निघतं.

सुरुवात फोर्कपासून, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यापासून. फोर्कच्या माथ्याला ब्रेक बसवायचं भोक आहे का ते बघा. खऱ्या ट्रॅक फोर्कला ते बहुधा नसतं. कार्बन फोर्कला घरी ड्रिल लावू नका. माथ्यावरचे धागे कापले जातात आणि तडा आतल्या आत वाढतो, बाहेरून दिसतही नाही. भोक असलेला वेगळा फोर्क घ्या आणि पावसाळाभर तोच ठेवा. कॅलिपर (ब्रेकचा चिमटा) घेताना भोकाच्या मध्यापासून रिमच्या (चाकाच्या कडीच्या) ब्रेक लागणाऱ्या पट्ट्यापर्यंतचं अंतर मोजा. ३९ ते ४९ मिलिमीटर असेल तर नेहमीचा छोटा कॅलिपर बसतो, ४७ ते ५७ असेल तर लांब हातांचा लागतो. हे न मोजता आणलेला कॅलिपर कसाबसा बसतो, पण ब्रेक शू रिमऐवजी टायरला घासतो आणि ओल्यात एखाद-दोन राइडमध्ये टायरची भिंत फाडतो.

फिक्स्ड गिअरमध्ये पायांनी अडवूनही सायकल थांबते, मग ब्रेक कशाला, असं तुमच्यातला एखादा म्हणेलच. पाय फक्त मागचं चाक अडवतात. थांबताना वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं हलकं होतं आणि घसरतं. कोरड्या डांबरावरही फक्त मागच्या चाकाने थांबायला पुढच्या ब्रेकच्या साधारण दुप्पट अंतर लागतं. ओल्या रस्त्यावर मागचं चाक लॉक झालं की सायकल आडवी व्हायला सुरुवात होते, आणि पाय पेडलला बांधलेले असतात.

रिम ब्रेक लावल्यावर पहिले दोन-तीन फेरे शू फक्त रिमवरचं पाणी पुसतो. २८ मिलिमीटर रुंद टायरचा एक फेरा म्हणजे २.१३ मीटर. म्हणजे सव्वाचार ते साडेसहा मीटर जवळपास ब्रेकविना जातात, आणि खरी पकड त्यानंतर येते. म्हणून पावसात दर काही मिनिटांनी आणि प्रत्येक चौकाच्या ५० मीटर आधी ब्रेक अगदी हलका टेकवून रिम पुसून घ्यायची. राइडनंतर शू काढून बघा. रबरात अडकलेली वाळू आणि ॲल्युमिनियमची चमकणारी कुसळं सुईने काढा. ती राहिली तर एका पावसाळ्यात रिमवर नखाला लागेल असा खड्डा पडतो. कार्बन रिमची चाकं ऑक्टोबरपर्यंत घरीच ठेवा.

आता गिअर. ट्रॅकवर ४८ × १५ (पुढच्या दातेरी चाकाचे, म्हणजे चेनरिंगचे दात × मागच्याचे, म्हणजे कॉगचे दात) किंवा त्याहून जड चालवत असाल तर पावसाच्या रस्त्यासाठी ४६ × १८ लावा. हिशेब असा: ग्रुप पावसात ताशी २५ किलोमीटरने जातो असं धरा. ४८ × १५ वर २३ च्या टायरने पाय मिनिटाला ६२ फेरे फिरतात, ४६ × १८ वर २८ च्या टायरने ७६. मोठा फायदा पायांनी वेग कमी करताना होतो. पायाचा जोर तोच असला तरी हलक्या गिअरवर मागच्या चाकाला तो जवळजवळ २५ टक्के जास्त पोहोचतो. उतारावर किंवा मागून वारा असताना पाय भराभर फिरतात हे खरं, पण नागपूरच्या सपाटीवर तो त्रास थोडा वेळ असतो. सेमिनरी हिल्स उतरताना ब्रेक हलका धरून ठेवा, पायांवर सगळा भार टाकू नका.

४८ × १६ ही जोडी मात्र टाळा. तिचं गुणोत्तर बरोबर ३ येतं, त्यामुळे तोच पाय पुढे ठेवून चाक अडवलं की दर वेळी टायरची एकच जागा रस्त्यावर येते आणि तिथेच टायर झिजतो. ४६ × १७ मध्ये तीच झीज १७ जागांवर वाटली जाते.

फिक्स्ड गिअरची खरी भीती चेनची आहे. रोड बाइकची चेन उतरली तर पाय रिकामे फिरतात. इथे ती कॉग आणि फ्रेमच्या मध्ये अडकून मागचं चाक जागच्या जागी थांबवू शकते. चेन सैल होणं, कॉग ढिला होणं आणि एक्सल सरकणं या तीन कारणांनी हे घडतं. पावसात तिन्हींची शक्यता वाढते, कारण पाणी तेल धुऊन नेतं आणि वाळू झीज वाढवते. म्हणून प्रत्येक ओल्या राइडच्या आदल्या रात्री हे करा:

सायकल स्टँडवर टांगा. क्रँक (पेडलचा दांडा) आणि कॉगच्या मधोमध चेनवर बोट ठेवून वर-खाली हलवा. मग क्रँक एक अष्टमांश फेरा पुढे घ्या आणि पुन्हा हलवा. असं पूर्ण फेऱ्यात आठ ठिकाणी. चेनरिंग कधीच अगदी गोल नसते, त्यामुळे एक जागा घट्ट लागते आणि एक सैल. सगळ्यात घट्ट जागी एकूण हालचाल १० मिलिमीटरच्या आसपास हवी आणि सगळ्यात सैल जागी १५ च्या वर नको. घट्ट जागीच चेन तारेसारखी ताणलेली असेल तर चालवताना घरघर येते आणि हबच्या बेअरिंगवर ताण पडतो. दोन जागांमधला फरक जास्त असेल तर चेनरिंगचे पाचही बोल्ट थोडे सैल करा, घट्ट जागी चेनवर हलकं ठोकून रिंग मध्यावर आणा, मग बोल्ट एकाआड एक कसा.

चेनची झीज मोजायला साधी स्टीलची पट्टी पुरते. नव्या चेनच्या २४ कड्या पिनच्या मध्यापासून मोजल्या तर ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०७ च्या पुढे गेली की चेन बदला. थोडे दिवस चालेल, असं म्हणून ओढत नेऊ नका; झिजलेली चेन नव्या कॉगचे दातही खाते.

लॉकरिंगचे (कॉग जागी धरून ठेवणाऱ्या कडीचे) आटे उलटे असतात, म्हणजे ती डावीकडे फिरवल्यावर घट्ट होते. हे न समजता ती उजवीकडे फिरवून ‘घट्ट केली’ की प्रत्यक्षात सैल झालेली असते. मग पहिल्यांदा जोरात पाय अडवले की कॉग सुटून फिरतो. हुकच्या पान्याने एकदा ताण देऊन बघा, हलायला नको. त्यानंतर दोन्ही बाजूचे एक्सल नट १५ च्या पान्याने ३० ते ४० न्यूटन मीटरपर्यंत कसा. टॉर्क पाना नसेल तर साधारण २० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १५ ते २० किलोचा जोर म्हणजे तेवढंच होतं. हा पाना राइडलाही बरोबर हवा, त्याशिवाय ट्रॅक सायकलचं पंक्चर काढता येत नाही. ग्रुपमध्ये दोन फिक्स्ड सायकली असतील तर पाने दोन, वेगवेगळ्या खिशात.

टायरच्या बाबतीत फ्रेममध्ये जागा असेल तर २८, नाहीतर २५. टायर आणि फ्रेममध्ये सगळीकडून किमान ४ मिलिमीटर मोकळे हवेत. ७० किलोच्या माणसाने २८ च्या टायरमध्ये पुढे ६५ आणि मागे ७० पीएसआय, २५ मध्ये ७५ आणि ८० भरावं. ट्रॅकवर सवय असते तसं १२० भरलं तर ओल्या सिमेंटवर टायर उड्या मारतो आणि पकड सोडतो. टायरवरच्या नक्षीसाठी जास्त पैसे देऊ नका. सायकलच्या वेगाला आणि टायरच्या रुंदीला पाणी आपोआप बाजूला जातं. पकड रबराच्या मऊपणावर असते.

पंक्चर पावसात वाढतात. ओला काच, ट्रकच्या टायरची तार आणि बाभळीचा काटा टायरला चिकटतात आणि पाणी त्यांना आत सरकायला मदत करतं. ओल्या ट्यूबला सोल्युशन लागत नाही, म्हणून माणशी दोन ट्यूब न्या. टायरच्या आतून बोट फिरवून काटा सापडेपर्यंत नवी ट्यूब घालू नका. छोटा हातपंप एक तरी हवाच.

आपल्याकडचा खास त्रास म्हणजे काळी माती. कळमेश्वर किंवा उमरेडच्या बाजूला डांबर सोडून कडेच्या कच्च्यावर उतरलात की १०-१५ मीटरमध्ये ती टायरवर थर धरते आणि फोर्कच्या माथ्याखाली, ब्रेकच्या मागे घट्ट बसते. रोड बाइक तिथे जड होते. फिक्स्ड सायकलचं चाक अडकलं की पेडलही अडकतं. समोरून ट्रक आला तर कच्च्यात उतरण्याऐवजी आधीच वेग कमी करून डांबराच्या कडेला राहायचं. माती भरलीच तर सायकल खांद्यावर घ्या, पक्क्यावर आणा आणि बाभळीच्या किंवा कडुलिंबाच्या काडीने खरवडा. बोटाने नको, स्पोकमध्ये बोट जातं.

मडगार्ड ग्रुपसाठी लावायचे, स्वतःसाठी नंतर. मागच्या मडगार्डला जुन्या ट्यूबची किंवा प्लास्टिकच्या बाटलीची फडकी जोडून ती जमिनीपासून १०-१२ सेंटीमीटरवर आणा. नाहीतर मागच्याच्या तोंडावर राइडभर चिखलाचं पाणी उडत राहतं. ज्याला दिसत नाही त्याचा ब्रेक उशिरा लागतो.

ग्रुपचा क्रम

कोरड्यात तुम्ही बहुधा ताकदवान माणूस पुढे, बाकी मागे असं लावत असाल. ओल्यात ज्याची सायकल सगळ्यात उशिरा थांबते तो सगळ्यात पुढे आणि जिची लवकर थांबते ती सगळ्यात मागे. तुमच्या पाचात दोन फिक्स्ड पुढे, मग दोन रिम ब्रेकच्या रोड बाइक, शेवटी डिस्कवाली. कारण सोपं आहे. डिस्कवाला पुढे असेल आणि गाय आडवी आली म्हणून तो थांबला, तर त्याच्या मागचा फिक्स्डवाला अजून रिमवरचं पाणी पुसतोय. तो थेट त्याच्यावर जातो. उलट क्रमात प्रत्येकाच्या मागे त्याच्याहून लवकर थांबणारी सायकल असते.

पुढचे दोघे थकले तर आपसात जागा बदलतील. ओढण्यासाठी डिस्कवाला पुढे येणार नाही, ग्रुपच हळू होईल. इथे हट्ट करणारा मित्र भेटतोच, त्याला हे राइडआधी घरीच समजावून सांगा.

अंतर किती? ताशी २५ ने एका सेकंदात जवळजवळ ७ मीटर जातात, त्यामुळे चाकाला चाक लावून बसणं विसरा. रिमझिम असेल तर ३ ते ४ मीटर, आणि पुढच्याच्या सरळ मागे न राहता अर्धा मीटर बाजूला. त्याने पाणी तोंडावर येत नाही आणि पुढचा अचानक थांबला तर सुटायला जागा असते. जोराचा पाऊस लागला की ८-१० मीटर सोडा, वाऱ्याचा आडोसा मिळणार नाही हे मान्य करा. एकेरी रांग, कडेपासून एक मीटर आत. कडेला घुसलात की खड्डे, माती आणि साचलेलं पाणी तिथेच असतं.

खुणा हाताने करू नका. ओल्या हॅन्डलवरून एक हात काढणं आणि त्याच वेळी फिक्स्ड पेडल फिरत असणं हे वाईट आहे. आवाजाने बोला, शब्द आधी ठरवून: ‘खड्डा डावीकडे’, ‘पाणी’, ‘मागून ट्रक’, ‘हळू’, ‘थांबतोय’. ‘हळू’ हा शब्द ब्रेक लावायच्या आधी यायला हवा. प्रत्येकाने तो मागे पोचवायचा. मागचा लाल दिवा शेवटच्याचा लुकलुकता, बाकीच्यांचे स्थिर. पाचही लुकलुकले की मागच्या गाडीवाल्याला अंतराचा अंदाज येत नाही.

वळणावर फिक्स्डवाल्याची अडचण वेगळी आहे. त्याला आतलं पेडल वर धरून झुकता येत नाही, पाय फिरतच राहतात. जास्त झुकला तर पेडल रस्त्याला टेकून मागचं चाक उचलतं. १६५ मिलिमीटरचा क्रँक असेल तर थोडी सूट मिळते. म्हणून वळणाचा वेग फिक्स्डवाला ठरवेल आणि तो पुढेच असल्याने ते आपोआप होतं.

कुठे घसरतं

पावसाळ्यातला सगळ्यात घसरडा काळ म्हणजे मोठ्या खंडानंतर आलेला पहिला पाऊस. त्याची पहिली २०-३० मिनिटं धूळ, डिझेल आणि टायरची भुकटी मिळून रस्त्यावर साबणासारखा थर होतो. दोन तास धो धो पडल्यावर तोच रस्ता जास्त बरा असतो. सिग्नलजवळची पांढरी पट्टी, गटाराची लोखंडी झाकणं आणि रेल्वेचे रूळ तर सगळीकडेच आहेत. रूळ काटकोनात ओलांडा, त्यावर ब्रेक नाही, वळण नाही.

नागपूरचे म्हणून तीन धोके. सिमेंट रस्त्याच्या कडेला स्लॅब आणि गट्टू (फरसबंदीचे ब्लॉक) यांच्यात बोटभर ते चार बोटं उंचीची पायरी असते. तिला समांतर चढायला गेलात की पुढचं चाक तिच्यालगत सरकत राहतं आणि तुम्ही आडवे होता. थांबून उतरा किंवा मोठ्या कोनात चढा. दुसरं, सिव्हिल लाइन्स आणि सेमिनरी हिल्सला झाडांखाली ऑगस्टपर्यंत गट्टूंवर आणि सिमेंटच्या कडेला हिरवं शेवाळ धरतं. सावलीमुळे ते दोन दिवस ऊन पडूनही जात नाही. जूनच्या अखेरीस जांभळाच्या झाडाखालचा रस्ता बघा. जांभळा चिखल असतो आणि त्यात बिया असतात, बारीक टायर त्यावर गोट्यांवर ठेवल्यासारखा फिरतो. तिसरं, शहराबाहेर पहाटे डांबरावर बसलेली गुरं. बाजूची जमीन ओली असल्याने ती पक्क्यावर येतात, आणि काळी म्हैस ओल्या काळ्या रस्त्यावर शेवटपर्यंत दिसत नाही. पुढचा दिवा उजेड झाल्यावरही चालू ठेवा. बसलेल्या जनावराच्या मागून जा, ते उठतं तेव्हा पुढे सरकतं.

रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर ओलांडायचं नाही. किती खोल आहे, कोण आत्ताच गेला, दुचाकी गेली की नाही, यातलं काही विचारायचं नाही. वाहतं पाणी १५ सेंटीमीटरही मोठ्या माणसाचे पाय उखडू शकतं आणि खालचा स्लॅब रात्रीत वाहून गेला असेल तर वरून कळत नाही. परत फिरा. हे ठरवायला तिथे मत घेऊ नका: पाचातल्या कुणीही एकाने ‘परत’ म्हटलं की सगळे परत, हा नियम निघण्याआधीचा असावा. साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यातसुद्धा रस्त्याची कडेची पट्टी दिसत नसेल तर उतरून चालत जा. फिक्स्ड सायकलचं पेडल पाण्यात बुडतं तेव्हा खालचा खड्डा पायालाच सापडतो.

सप्टेंबरमध्ये जास्त जपा. तलाव भरलेले असतात, जमीन पाणी पीत नाही, त्यामुळे जूनमध्ये जो पाऊस मुरला असता तोच आता वाहतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या काही तासांत पाण्याखाली गेल्या. रात्रभर कोसळला असेल तर सकाळी अंबाझरीच्या ओव्हरफ्लोकडचा आणि नाग नदीचे पूल लागतील तो मार्ग टाळा.

निघण्याआधी हवामान खात्याच्या नागपूर केंद्राचा इशारा आणि रडारचं चित्र दोन्ही बघा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे ‘मुसळधार’ आणि ११५.६ पासून ‘अतिमुसळधार’ धरतात. ऑरेंज इशारा असेल तर शहराबाहेर जाऊ नका, रेड असेल तर घरीच. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप प्रत्येकाच्या फोनमध्ये हवं. शेतात पेरणी चाललेल्या उघड्या माळावर पाच सायकलस्वारच सगळ्यात उंच असतात.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. ३० च्या आत आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे: पक्क्या छताखाली जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. झाड, पत्र्याची उघडी टपरी, एकटा बसथांबा यांपैकी एकही आडोसा नाही. शाळा, ग्रामपंचायत, पेट्रोल पंपाची खोली, काचा बंद असलेली कार चालते. काहीच नसेल तर सायकली एकत्र दूर ठेवा, एकमेकांपासून १०-१५ मीटर पांगा, पाय जुळवून उकिडवे बसा, झोपू नका. उन्हाळ्याच्या अखेरच्या वादळात आधी धुळीचा थंड झोत येतो आणि वाऱ्याची दिशा फिरते. तो लागला की पाच-दहा मिनिटंच हातात आहेत. हेल्मेट काढू नका, गाराही पडतात.

मार्ग वाऱ्यावरून निवडा. पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येकडून असतो, म्हणून काटोल रोड किंवा हिंगण्याच्या बाजूने निघा. जाताना दमता, भिजून थंडावलेले परत येताना वारा पाठीशी असतो. समृद्धी महामार्गावर सायकलीला बंदी आहे. पाऊस नक्की असेल तर ६० किलोमीटरच्या एका मोठ्या फेरीऐवजी फुटाळा, सेमिनरी हिल्स, सिव्हिल लाइन्स अशा छोट्या फेऱ्या चार-पाच वेळा करा. कुणाचं काही बिघडलं तर घर जवळ असतं, आणि सायकल घालून न्यायला छोटा हत्तीही सहज मिळतो.

कपड्यांत फार अडकू नका. जुलैत सकाळी २४-२५ अंश असताना जाड रेनकोटमध्ये आतूनच घामाने भिजता. पातळ बिनबाह्यांचं जॅकेट, हेल्मेटखाली टोपीची चोच, स्वच्छ काचेचा चष्मा आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडं बनियन. थंडी थांबल्यावर वाजते, चालवताना नाही. म्हणून तर्री पोह्याला थांबलात की आधी बनियन बदला आणि १० मिनिटांत निघा. ओल्या शॉर्टने मांड्या सोलतात, निघताना पेट्रोलियम जेली लावा. तहान लागत नाही तरी तासाला अर्धा लिटर पाणी घ्या, ढगाळ दमट हवेत घाम कमी नसतो.

ट्रॅकचा सराव

उघडा वेलोड्रोम ओला असेल तर त्यावर जायचं नाही, बालेवाडीला गेलात तरी नाही. बँकिंगवर (ट्रॅकच्या तिरक्या उतारावर) कमी वेगात सायकल खालच्या बाजूला घसरू पाहते आणि तिला धरून ठेवणारी फक्त टायरची पकड असते. ट्रॅकच्या आतल्या निळ्या पट्ट्यावर आणि रंगीत रेषांवर ती ओल्यात जवळजवळ राहत नाही.

चार महिन्यांत रोलर, म्हणजे फिरत्या नळकांड्यांवर सायकल ठेवून घरीच चालवायचं साधन, हाच तुमचा ट्रॅक. ट्रॅक सायकल मूळ गिअरसह, अरुंद टायरसह त्यावर ठेवा. पुढचा रोलर पुढच्या चाकाच्या एक्सलच्या दोन-पाच सेंटीमीटर पुढे येईल असं अंतर लावा, मागे गेला तर सायकल अस्थिर होते. पहिले काही दिवस दाराच्या चौकटीत लावा, दोन्ही खांद्यांना आधार मिळतो. वेग कमी करताना पाय एकदम अडवू नका, रोलरचं वजन फिरत असतं आणि चाक उडी मारतं. हळूहळू ८०, ६०, ४० असं उतरा.

आठवड्यात दोनदा पुरे. १० मिनिटं गरम व्हायला, मग १०० ते ११० फेऱ्यांनी ५ मिनिटं तीन वेळा, मध्ये ३ मिनिटं हलकं. त्यानंतर १३०-१४० फेऱ्यांचे १० सेकंदांचे सहा झटके, प्रत्येकानंतर २ मिनिटं. बसलेल्या जागी उसळी मारायला लागलात की वेग जास्त झाला. फेरे १० ने कमी करा आणि खांदे सोडा. पंखा समोर हवा, नाहीतर नागपूरच्या दमट खोलीत १५ मिनिटांत नाडी वर चढते आणि सराव पायांचा न राहता उकाड्याचा होतो. जागेवरून उठायच्या स्टार्टचा सराव ओल्या रस्त्यावर करू नका, मागचं चाक जागीच फिरतं. कोरडी सकाळ मिळाली की तेवढाच करा.

घरी आल्यावर

सायकल कोपऱ्यात टेकवून आंघोळीला जाऊ नका, आधी १५ मिनिटं तिला द्या. साध्या नळाच्या पाण्याने वरून धुवा. गाड्या धुवायच्या जोरदार पंपाचं पाणी हब (चाकाचा मधला भाग) आणि बीबीच्या (क्रँकच्या मधल्या बेअरिंगच्या) सीलमधून आत शिरतं आणि ग्रीस बाहेर काढतं. चेन फडक्यात धरून उलटी फिरवत पुसा. फिक्स्ड सायकलवर हे करताना फिरत्या चाकाजवळ, कॉग आणि चेन भेटतात तिथे, बोट आणि फडकं कधीच नेऊ नका. चाक थांबत नाही, बोट ओढून घेतं. चाक हाताने हळू फिरवा आणि खालच्या सैल बाजूलाच पुसा. मग चेनच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, रात्रभर मुरू द्या, सकाळी बाहेरचं पुसून टाका. वर राहिलेलं तेल पुढच्या राइडला वाळू गोळा करतं.

सीटपोस्टवर टेपने उंचीची खूण करा, तो काढा आणि सायकल उलटी धरून नळीतलं पाणी निथळू द्या. स्टीलच्या फ्रेममध्ये कधी कधी कपभर निघतं. तसंच राहिलं तर बीबीचे छर्रे गंजतात आणि फ्रेम आतून सडते. पोस्ट पुन्हा ग्रीस लावून बसवा. हेडसेटच्या (हॅन्डल फिरतं त्या सांध्याच्या) खालच्या बेअरिंगवर पुढच्या चाकाचं पाणी सरळ आदळतं, म्हणून पुढचं चाक उचलून हॅन्डल हळू फिरवा. मध्यावर खाच लागल्यासारखं अडलं तर ते बेअरिंग गेलं. सुट्या छर्ऱ्यांचे हब असतील तर साधारण ५०० ओल्या किलोमीटरनंतर उघडून ग्रीस बदला. ते राखाडी आणि पातळ निघालं तर पाणी आत गेलंय, मध्यंतर ३०० वर आणा. शेवटी पुढचा ब्रेक दाबून शू किती उरलाय ते बघा: खोबणीची खोली एक मिलिमीटरहून कमी असेल तर नवे शू आजच लावा, रविवारची वाट बघू नका.